वजा सहा

आमच्या कंपनीत सदतीस माणसं आहेत आणि कोण किती खरं बोलतं याचा अंदाज मला बसल्या जागी येतो. मी विनीता. भांडार सांभाळते. खिडकीशी आलेला माणूस आधी वस्तू मागत नाही, आधी दुसऱ्या कोणाबद्दल तरी सांगतो, मग वस्तू मागतो. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याकडे सगळ्यांचं सगळं जमा झालेलं असतं, तेही चिठ्ठीशिवाय. एरवी चिठ्ठीशिवाय माझ्याकडून खिळासुद्धा बाहेर जात नाही.

आम्ही विजेवर उडणारं छोटं विमान बनवतो. सहा पंखे, आत एक पायलट, एक पेशंट, पेशंटचा एक माणूस आणि स्ट्रेचर. राजेंद्र नगरातल्या एका हॉस्पिटलशेजारी मोकळा प्लॉट आहे. तिथे हे विमान उतरवायचं, तर कॉलनीची संमती हवी होती. कॉलनीने एकच अट घातली होती: सगळ्यांत जवळच्या घराच्या दारात आवाज साठ डेसिबलच्या वर जाता कामा नये. ते घर सुमनकाकूंचं. त्याच रहिवासी मंडळाच्या सेक्रेटरी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, आणि घरात पुढच्या खोलीत अर्धांगाने निजून असलेले त्यांचे यजमान मारुतीराव. रात्रभर डोळा लागत नाही म्हणून ते दिवसा झोपतात, आणि त्या झोपेवर सुमनकाकूंचा दिवस चालतो.

विमान उडायच्या आधी त्याचा आवाज किती होईल हे सांगणं संहिताचं काम. ती म्हणते, विजेच्या विमानात मोटर गप्प असते, बोलतं ते पातं. पातं किती लांब, किती फेरे घेतं, किती वजन उचलतं, हे सगळं कॉम्प्युटरला सांगायचं आणि तो आकडा देतो. तिने आकडा दिला होता अठ्ठावन्न. माणसांनी भरलेल्या विमानाचा, सुमनकाकूंच्या दारातला. संमतीच्या फॉर्मवर तो आकडा, खाली तिची सही.

आता कॉम्प्युटरला पात्याची बोली शिकवायला खरे मोजलेले आवाज लागतात. ते आणून द्यायचे दत्तोपंत टोकेकर. अडुसष्ट वर्षांचे, इंजिनियरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले, राहायला राजेंद्र नगरातच. शहराबाहेरच्या आमच्या धावपट्टीवर ते जमिनीवर एक गोल फळी ठेवायचे, तिच्यावर माइक उपडा करायचे आणि विमान वरून गेलं की आकडा टिपायचे. फळीवरच्या माइकला वरून येणारा आवाज मिळतो आणि फळीवरून उलटणाराही. त्यामुळे आकडा सहाने फुगतो. म्हणून नंतर त्यातून सहा वजा करायचे, ही या धंद्यातली रीत. एवढं मलाही माहीत आहे, कारण फळीसुद्धा माझ्याच भांडारातून जाते.

संहिता आणि दत्तोपंत दोन वर्षं एकाच टेबलावर चहा पीत आले. ती "काका" म्हणायची, ते "पोरी" म्हणायचे. आवाज कधी चढला नाही. दोघं इतकी सभ्य, की एकमेकांना काही विचारायचीच नाहीत. ती विचारणार नाही, कारण काकांना विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास. ते सांगणार नाहीत, कारण सांगणं म्हणजे केलेलं काम मिरवणं. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत याला संस्कार म्हणतात.

रविवारी कॉलनीत उड्डाण दाखवायचं होतं. शनिवारी दत्तोपंत सुट्टी टाकून खजरान्याला गेले, गणपतीला मोदक चढवायला. दोन वर्षांतली त्यांची पहिली सुट्टी. म्हणून धावपट्टीवरचा शेवटचा आकडा टिपायला संहिता स्वतः गेली.

अकराच्या सुमारास ती माझ्या खिडकीशी आली.

"विनीताताई, दुसरा माइक द्या. हा खोटं बोलतोय."

"किती खोटं?"

"बहात्तर यायला हवे, अठ्ठ्याहत्तर दाखवतोय."

मी चिठ्ठी घेतली, माइक दिला. पाऊण तासाने परत आली. चेहरा उन्हाने लाल झाला होता. निदान मी तरी तेव्हा उन्हाने असं धरून चालले.

"हाही अठ्ठ्याहत्तर म्हणतोय."

"मग दोघंही खरं बोलत असतील," मी म्हटलं. मी थट्टेत म्हटलं होतं. ती थट्टेत ऐकायच्या स्थितीत नव्हती.

"काकांचं रजिस्टर कुठे असतं?"

ते रोज संध्याकाळी माझ्या कपाटात जमा होतं, सही घेऊन. मी काढून दिलं. पुढच्या पानांवर निळ्या शाईत मोत्यांसारखे आकडे, तारीखवार. ती तिच्या ओळखीची पानं, त्यांवरूनच ती आकडे उतरवून घ्यायची. पण दत्तोपंत जुन्या वळणाचे. आधी कच्चं, मग पक्कं. तिने रजिस्टर उलटं केलं. मागच्या पानांवर पेन्सिलीतलं कच्चं होतं: अठ्ठ्याहत्तर, शहाहत्तर, ऐंशी. पुढे शाईत तेच आकडे: बहात्तर, सत्तर, चौऱ्याहत्तर. पहिल्याच कच्च्या पानाच्या समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'फळीचे सहा वजा करूनच पक्के केले. पोरीला पुन्हा त्रास नको.'

संहिता खिडकीशी उभी होती ती खाली बसली. माझ्याकडे गिऱ्हाइकासाठी स्टूल नाही, ती खोक्यावर बसली.

"माझा प्रोग्राम पण सहा वजा करतो," ती म्हणाली. "आपोआप. पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे बारा गेले?"

"हो. त्यामुळे अठ्ठावन्न नाही. चौसष्ट."

"सहाने काय होतं असं?"

"एकाच्या जागी चार विमानं एकदम उतरली तर जेवढा आवाज होईल तेवढं होतं."

तिने रजिस्टर उचललं आणि हृषीकेशच्या केबिनमध्ये गेली. आमच्या केबिनच्या भिंती प्लायच्या आहेत आणि भांडार शेजारी आहे. यात माझा काही दोष नाही.

हृषीकेश आमचा मालक. वाईट माणूस नाही. कोणाच्या घरी आजारपण आलं तर सगळ्यांत आधी हाच पोचतो. फक्त वाईट बातमी त्याला उशिरा ऐकायची असते. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "उद्या रिकामं उडव."

"फॉर्मवर भरलेलं लिहिलंय."

"अरे यार संहिता, फॉर्म कोण वाचतं?"

"सुमनकाकू वाचतात."

"देख, रिकामं आणि जरा उंचावरून आणलं तर साठच्या आत येईल ना?"

ती म्हणाली, "येईल. एकोणसाठच्या आसपास."

"बस! साठच्या आत दिसलं की संमती. पुढे पातं बदलू, फेरे कमी करू, सहा महिन्यांत आपण खरोखर साठच्या आत येऊ. तेव्हा कोणाचं काय बिघडलं?"

"सहा महिने मारुतीरावांचं बिघडेल."

"आणि उद्या संमती नाही मिळाली तर हॉस्पिटल सोमवारी दुसऱ्या कंपनीला बोलावतंय. मग इथल्या सदतीस घरांचं काय बिघडेल ते पण मांड की तुझ्या प्रोग्राममध्ये." त्याचा आवाज खाली आला. "आणि एक सांगतो. चौसष्टवर सही नाहीये तुझी, अठ्ठावन्नवर आहे. साठ लोकांसमोर माघार घेतलीस तर यापुढे तुझ्या आकड्यावर या देशात कोणी विमान उडवणार नाही. काकांचं तर सोडच. त्यांची कॉलनी आहे ती. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलंय, माझे आकडे आहेत म्हणून."

ती बाहेर आली. मागोमाग हृषीकेश माझ्या खिडकीशी.

"विनीताजी, त्या वाळूच्या पिशव्या ट्रकवर चढवल्यात ना? उतरवा."

पेशंटच्या वजनाच्या पिशव्या होत्या त्या, विमान भरलेलं दाखवायला. दहा नग, सकाळीच माझ्या सहीने गेलेले.

"परतीची चिठ्ठी द्या, सर. चिठ्ठीशिवाय माल परत जमा करता येत नाही."

"विनीताजी!"

"नियम तुमचाच आहे. भिंतीवर लावलाय."

त्याने भिंतीकडे पाहिलं. चिठ्ठी लिहायची म्हणजे कारण लिहायचं. पेन काढलं, परत खिशात ठेवलं. "राहू दे. सोमवारी बघू. पण त्या विमानात जाता कामा नयेत."

मी त्या दिवशी शौर्याचं काही केलं नाही. माझाही पगार त्या सदतिसांत आहे. मी फक्त माझा नियम पाळला, आणि रात्रभर तो का पाळला याचा विचार करत राहिले.

रविवारी सकाळी दहाला प्लॉटवर मांडव. साठेक रहिवासी, जिरावन मसाला भुरभुरलेले पोहे, खुर्च्यांच्या रांगा. सुमनकाकूंच्या दारात मंडळाने बाहेरून भाड्याने आणलेला मीटर, आणि मांडवात सगळ्यांना दिसेल असा आकड्यांचा मोठा बोर्ड. शेजारी एका पांढऱ्या फळ्यावर आमचा अंदाज लिहिलेला: अठ्ठावन्न. दत्तोपंत इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत, खजरान्याचा प्रसाद वाटत होते.

"घे पोरी, तुझ्या अठ्ठावन्नचे मोदक."

संहिताने घेतला. तो तिच्या हातातच राहिला.

तिने सकाळपासून त्यांना काही सांगितलं नव्हतं. दोनदा त्यांच्याजवळ गेली, दोनदा कोणीतरी मध्ये आलं. तिसऱ्यांदा कोणी मध्ये आलं नाही, तेव्हा ती स्वतःच वळली.

"दत्तोपंतजी, तुम्हीच बसा ना आत," मागून कॉलनीतले जयसिंगराव ओरडले. "तुमचंच विमान आहे भिया!"

"मी बसलो तर वजनाने आवाज वाढेल," दत्तोपंत म्हणाले, आणि सगळे हसले.

सुमनकाकू हसल्या नाहीत. चष्मा लावून फॉर्म वाचत होत्या. "इथे लिहिलंय, भरलेल्या विमानाचा आवाज. आज आत पेशंटच्या जागी काय आहे?"

"आज रिकामं, काकू," हृषीकेश म्हणाला. "सेफ्टी. पहिलंच उड्डाण आहे ना वस्तीत."

"बरं." त्यांनी फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक खूण केली.

पायलट विजयने विमान आणलं. उंचावरून, हळू, आमच्या पाठीमागून. सगळ्यांच्या नजरा बोर्डावर. पंचावन्न, सत्तावन्न, विमान प्लॉटवर आलं तेव्हा एकोणसाठ पूर्णांक एक. तिथेच थांबलं. चाकं टेकली. टाळ्या पडल्या. हृषीकेशने घाम पुसला. जयसिंगराव उभे राहून म्हणाले, "लिख लो संमती, सुमनताई! माझा भाऊ पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये, अडकलेल्या अँब्युलन्समध्येच गेला. हे त्या दिवशी असतं तर..." वाक्य पुरं न करता ते खाली बसले.

सुमनकाकूंनी पेन उघडलं. संहिता माझ्या शेजारी उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता आणि तो मोजून घेतल्यासारखा येत होता.

पेन कागदाला टेकलं आणि थांबलं.

"एक शंका," सुमनकाकू म्हणाल्या. "रिकामं एकोणसाठ. आणि तुम्ही लिहून दिलंय, भरलेलं अठ्ठावन्न. माणसं बसल्यावर विमान हलकं होतं का?"

कोणीतरी हसलं. दत्तोपंतांनी फळ्याकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, आणि पुन्हा फळ्याकडे.

"काकू, एक-दोन इकडे तिकडे होतातच," हृषीकेश पटकन म्हणाला. "वारा आहे आज."

"झाडाचं पान हलत नाहीये." त्या मान वळवून संहिताकडे बघत होत्या. "तू सांग. सही तुझी आहे. वाऱ्याने होतं का असं?"

साठ माणसं, आणि एक शब्द पुरेसा होता. 'हो' म्हटलं की पेन पुढे सरकणार. हृषीकेश तिच्याकडे बघतच नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"नाही, काकू," संहिता म्हणाली.

ती फळ्यापाशी गेली, डस्टर शोधलं, सापडलं नाही, तळहाताने अठ्ठावन्न पुसले आणि लिहिलं: चौसष्ट.

मांडवात एकदम गलका झाला. "अरे ये क्या मजाक है!" "सहा कुठून वाढले?" "मग सही कशाची केली होती?" जयसिंगराव सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते.

"माझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे," संहिता म्हणाली. "फळीचे सहा वजा करायचे असतात. ते जास्तीचे वजा झाले. मी तपासायला हवं होतं. काल कळलं."

एवढंच. दुसरं नाव घेतलं नाही. मला वाटलं, भागलं. पण दत्तोपंतांनी चाळीस वर्षं वजाबाक्या केल्या होत्या.

"पोरी, तुझ्या प्रोग्राममध्ये फळीचे सहा वजा होतात?"

"काका, आपण नंतर बोलू."

"होतात का?"

"होतात."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासून."

ते खुर्चीवर बसले. मोदकाची पुडी मांडीवर होती, ती नीट घडी घालून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मग उभे राहिले. त्यांना उभं राहायला वेळ लागला, आणि कोणी मदतीला गेलं नाही, कारण चेहरा तसा नव्हता.

"सुमनताई, लिहून घ्या. ती म्हणते चूक तिची. आधी सहा मी काढले होते. दोन वर्षं, रोज. तिला न सांगता."

"का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? हातासरशी होत होतं."

"आणि तू का नाही विचारलंस?"

"काकांना काय विचारायचं," संहिता म्हणाली.

सुमनकाकूंनी चष्मा काढला. "दोन वर्षं एका टेबलावर चहा पिताय म्हणे तुम्ही. आमच्या शाळेत पोरंही मिळून चुकायची. पण चुकण्याआधी निदान एकमेकांशी बोलायची तरी!"

पाच-सहा जण हसले. दत्तोपंत हसले नाहीत. मान खाली घालून मात्र उभे राहिले नाहीत, हे मी पाहिलं.

"हा चौसष्ट तरी खरा कशावरून?" जयसिंगराव. "काल अठ्ठावन्न, आज चौसष्ट, उद्या आणखी काहीतरी!"

प्रश्न रास्त होता. संहिता म्हणाली, "भरून उडवा. फॉर्मवर लिहिलेल्या उंचीवरून. चौसष्टपेक्षा एकाने जरी इकडे तिकडे झाला, तर मला आवाजाचं काही कळत नाही असं समजा."

विजयने हृषीकेशकडे पाहिलं. हृषीकेशने साठ माणसांकडे पाहिलं. वीसेक हातांत मोबाइल वर झाले होते.

"वजन कुठे आहे?" तो म्हणाला. खरं तर त्याला माहीत होतं.

"ट्रकवर," मी म्हटलं. "परतीची चिठ्ठी झाली नव्हती."

त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून कुठे जमा केलेलं नाही. मग म्हणाला, "भर."

दहा पिशव्या आत गेल्या. विमान वर गेलं, दूर वळलं, आणि या वेळी कमी उंचीवरून आलं. आल्या आल्याच कळलं. मघाशी कापड फडफडल्यासारखं होतं, आता दातांत बसत होतं. साठ. बासष्ट. संहिता बोर्डाकडे बघत नव्हती, डोळे मिटून ऐकत होती. त्रेसष्ट. आतून, पुढच्या खोलीतून, मारुतीरावांनी हाक मारली. शब्द नव्हते, नुसता आवाज. सुमनकाकू फॉर्म खुर्चीवर टाकून आत धावल्या. बोर्डावर त्रेसष्ट पूर्णांक आठ लागले आणि विमान टेकेपर्यंत तिथेच राहिले.

दोन दशांशांनी चुकली होती. टाळी कोणी वाजवली नाही.

"बघितलंत?" दत्तोपंत शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले. "पोरीचा आकडा."

सुमनकाकू बाहेर आल्या. पदर नीट केला, फॉर्म उचलला, सही केली नाही.

"यात आता चर्चेचं काही नाही," त्या म्हणाल्या, "पण मंडळाची रीत आहे, हात वर करून मोजायचं. संमतीच्या बाजूने?"

जयसिंगरावांचा हात आधी वर गेला, आणि बराच उंच. त्यांच्यामागे आणखी दहा-बारा. त्यांना घाईचे पेशंट आठवत असणार, आणि त्यांचंही खोटं नव्हतं.

"विरोधात?"

हात वर झाले. सुमनकाकू रांगेरांगेने, वर्गात मोजतात तशा मोजत गेल्या, आणि फॉर्मच्या मागे लिहिलं, एकेचाळीस. हृषीकेश खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. संहिता त्याच्यापासून चार पावलांवर. दोघांतलं कोणीही हलत नव्हतं.

पुढच्या रांगेत एक हात खांद्यापर्यंत आला होता आणि तिथेच अडकला होता.

"दत्तोपंत," सुमनकाकू म्हणाल्या, "हात वर आहे की डोकं खाजवताय?"

त्यांनी एकदा हृषीकेशकडे पाहिलं, एकदा संहिताकडे.

संहिताने होकारार्थी मान हलवली. अगदी थोडी.

"वर आहे," दत्तोपंत म्हणाले, आणि हात सरळ केला.

सुमनकाकूंनी एकेचाळीस खोडलं.